मोजणी मोडू नये

इसाक मिस्त्रीने पोत्यात गुंडाळलेला डबा चतुराबाईच्या टेबलावर ठेवला, तेव्हा बाहेर चांगलं ऊन होतं. समोरचा भजीवाला कढई घासत होता. भद्रकालीच्या त्या बोळात भिण्यासारखं काही म्हणजे काहीच नव्हतं. त्र्याऐंशी सालचा भाद्रपद. पितृपंधरवडा चालू, त्यामुळे गिऱ्हाईक कमी. पंधरवड्यात लोक नवी गाडी घेत नाहीत हे चतुराबाईला कळायचं, पण जुनी दुरुस्त करायलाही का बिचकतात हे तिला कधी कळलं नाही. पितर काय गॅरेजात येऊन बसतात का, असं ती म्हणायची.

मोटरसायकल म्हटली की लाथ मारून चालू करायची, एवढंच सगळ्यांना ठाऊक. पण देवळाली कॅम्पातले गोरे साहेब जाताना गाड्या विकून गेले, त्यांत एखादी अशी निघायची की तिला बटण असायचं. इंजिनाच्या पोटाशी एक गोल डबा, म्हणजे स्टार्टर. बटण दाबलं की तो इंजिन फिरवायचा, आणि इंजिन पेटलं की तोच बॅटरी भरायचा. डब्याच्या आत आर्मेचर, म्हणजे लोखंडाचा लांबट गाभा, त्याला उभ्या खाचा, खाचांत कागदाचं अस्तर आणि त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. तार जळली की सगळी उपसायची आणि नवी भरायची. या भरण्याला वाइंडिंग म्हणतात. नाशकात असल्या जुन्या डब्यांचं वाइंडिंग करणारी माणसं थोडी, आणि त्यांत बाईमाणूस एकटी चतुराबाई.

चतुराबाई चौथी शिकलेली. हाताने बारीक, तोंडाने जाड. हे काम तिला तिच्या नवऱ्याने, झिपरूने शिकवलं होतं. इसाक हा झिपरूचा दोस्त. तो इंजिनाचा माणूस, तारेला त्याने जन्मात बोट लावलं नव्हतं. हे बायकांचं काम आहे म्हणून हसायचा, आणि चतुराबाई त्याला सांगायची की बायकांचं आहे म्हणूनच तुला जमत नाही.

झिपरूचं घराणं मापाड्यांचं. त्याचा बाप बाजारात धान्य मापायचा. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार... तीच सवय झिपरूच्या तोंडात बसली होती. तारेचे वेढे मोजतानाही पहिल्या वेढ्याला तो लाभच म्हणायचा. बोळातली पोरं त्याची नक्कल करायची. त्याला फरक पडायचा नाही, कारण मोजताना त्याला काही ऐकूच यायचं नाही.

मात्र दुकानाचा एक कायदा होता. मोजणी चालू असताना झिपरूला हाक मारायची नाही. छप्पर पडलं तरी नाही. हाक मारली की तो आकडा विसरायचा, मग भरलेली सगळी तार उपसून पुन्हा लाभपासून सुरुवात. आणि ज्याने मोजणी मोडली, त्याने काम संपेपर्यंत तार धरायची. रिळातून येणारी तार अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरून ताण ठेवायचा, सैल पडू द्यायची नाही. एकदा एक हवालदार रुबाबात हाक मारून गेला आणि दिवसभर तार धरून बसला. झिपरूचा भाऊ काळू तर दोनदा बसला. उठताना चिमटीवर तांबडी रेघ उमटलेली असायची, तारेने घासून घासून. बोळ हसायचा.

चतुराबाईला कधी तार धरावी लागली नाही. मोजणी लांबली की झिपरूचा घसा सुकायचा. ती पाण्याचा तांब्या गुपचूप सरकवायची, त्याच्या डाव्या हाताशी, कारण तो डावखुरा. शब्द नाही, बांगडीचा आवाज नाही.

असा हा माणूस एकाहत्तर साली गंगापूर रोडला एका वकिलाच्या बंगल्यावर स्टार्टर भरायला गेला आणि परत आला नाही.

चतुराबाई त्या बंगल्याच्या फाटकापर्यंत गेली होती. वकीलसाहेबांनी फाटकातूनच सांगितलं की काम झालं, माणूस गेला. मग लोकांनी उरलेली गोष्ट रचली. कुणी म्हणालं सुरतेला गेला, कुणी म्हणालं बाई ठेवलीय. ज्यांनी बाई ठेवलीय म्हटलं, त्यांच्या दारात उभं राहून चतुराबाईने त्यांची सगळी घराणी धुऊन काढली. मग लोक गप्प बसले. कुंकू तिने लावायचं सोडलं नाही.

आता बारा वर्षं झाली होती. काळू परवाच येऊन गेला होता. बारा वर्षं माणूस दिसला नाही की पिठाचा पुतळा करून जाळायचा, सर्वपित्रीला रामकुंडावर उरकून टाकू, असं तो म्हणत होता. वाईट मनाने नव्हे. भावाला पाणी मिळत नाही म्हणून त्याला झोप लागत नव्हती.

चतुराबाई म्हणाली, "मेला असता तर मला सांगून मेला असता. असल्या कामात त्याने कधी चुकारपणा केला नाही."

पण काळू गेल्यावर तिने आरशात स्वतःच्या कपाळाकडे बराच वेळ पाहिलं होतं. तिला एकच गोष्ट हवी होती. आहे की नाही, एवढं कुणीतरी खरं सांगावं. मग कुंकू ठेवायचं की पुसायचं ते तिचं ती बघणार होती.

तर तो डबा. इसाक चहा सांगायला गेला आणि चतुराबाईने स्क्रू काढून झाकण उचललं.

आधी वास आला. वार्निशचा. भरलेल्या तारेवर वार्निश ओततात, ते सुकेपर्यंत असा गोडसर, डोक्यात जाणारा वास येतो. तिने आर्मेचर बाहेर काढलं आणि अंगठा तारेला चिकटला. वार्निश ओलं होतं.

नवल नाही, असं तिला वाटलं. कुणीतरी नुकतंच भरलेलं दिसतंय. मग तिने टोकाची बांधणी पाहिली. वेढे सुटू नयेत म्हणून मेणाचा दोरा बांधतात. त्या दोऱ्याची गाठ उलट्या बाजूला होती. डावखुऱ्याची. शेवटचं टोक गाठीखालून दोनदा घातलेलं. अशी गाठ बांधणारा एकच माणूस तिने पाहिला होता.

आणि काम अर्धवट होतं. शेवटची खाच पुरती भरलेली नव्हती. तारेचं टोक तसंच लोंबत होतं. अर्धं काम कुणी डब्यात घालून स्क्रू आवळतं का?

इसाक परत आला तेव्हा तिने विचारलं, हे कुणी भरलं? इसाक म्हणाला, कुणी भरणार, गाडी कित्येक वर्षं बंद खोलीत उभी आहे. टायर जमिनीला चिकटलेत, धुराच्या नळीत उंदराने घर केलंय. मालकाचा पुतण्या मुंबईचा, त्याला जुन्या गाड्यांचा नाद, म्हणून आता खोली उघडली. डब्याचे बोल्ट गंजले होते, ते इसाकने स्वतःच पाना घालून सोडवले होते.

"कुठला बंगला?"

इसाकने चहाचा ग्लास खाली ठेवला. हे विचारलं जाणार हे त्याला माहीत होतं, आणि म्हणूनच तो डबा दुसऱ्या कुणाकडे न नेता इथे घेऊन आला होता.

"तोच, भाभी. फाटकावर जाळीचं कमळ आहे, तो."

चतुराबाईने अंगठ्याचं वार्निश पदराला पुसलं. ते निघेना. तिने डबा परत बंद केला, पोत्यात गुंडाळला, दुकानाला कुलूप लावलं आणि इसाकच्या स्कूटरवर मागे बसली. डबा मांडीवर. इसाक वाटेत काहीबाही बोलत होता, ती ऐकत नव्हती. तिचं मन एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. वार्निश ओलं आहे. ओलं म्हणजे ताजं. ताजं म्हणजे माणूस आहे. लपून बसला असेल, वेडा झाला असेल, कुणी कोंडून ठेवला असेल. काहीही असो, आहे.

तेव्हा गंगापूर रोड आताएवढा भरलेला नव्हता. बंगला संपला की पेरूची बाग, मग द्राक्षाचा मळा, मग पुन्हा लांबवर एखादा बंगला. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. वारा नव्हता. मळ्यात माणूस दिसत नव्हतं.

कमळाच्या फाटकाआड मालनबाई भेटल्या, वकीलसाहेबांची बायको. साहेब वारले होते. म्हाताऱ्या बाईने चतुराबाईला बघितलं, कपाळाकडे बघितलं, आणि ओळखलं. बसा म्हणाल्या. चतुराबाई बसली नाही.

"माझा नवरा कुठंय?"

मालनबाईंनी व्हरांड्याचा खांब धरला. मग त्यांनी जे सांगितलं ते हळूहळू, थांबत थांबत सांगितलं. तो माणूस सकाळी आला. गॅरेजच्या खोलीत बसला. आतून मोजण्याचा आवाज यायचा, त्या स्वतः दोनदा दारावरून गेल्या. दुपारी गडी चहा घेऊन गेला तर खोलीत कोणी नव्हतं. रीळ होतं, हत्यारं होती, अर्धं झालेलं काम होतं. खोलीला दुसरं दार नाही. खिडकीला गज. साहेब घाबरले. वकील माणूस, पोलीस घरात येणार, पेपरात नाव येणार. त्यांनी स्वतःच्या हाताने ते अर्धं काम डब्यात घालून बंद केलं, गाडीला लावलं आणि खोलीला कुलूप ठोकलं. कुणी विचारलं तर काम झालं, माणूस गेला, असं सांगायचं ठरलं.

"बारा वर्षं," चतुराबाई म्हणाली. "बारा वर्षं लोक माझ्या पाठीमागे बोलतात, कुठल्या तरी बाईबरोबर गेला म्हणून. आणि तुम्ही इथं तुळशीला पाणी घालत होता."

मालनबाईंनी हाताने गॅरेजकडे दाखवलं. "त्याच्या चपला... आम्ही हलवल्या नाहीत. हलवायचं धाडस झालं नाही."

चपला दाराशी होत्या. कोल्हापुरी नव्हेत, टायरच्या, त्याने स्वतः कापलेल्या. पायरीवर बोटभर धूळ साचली होती, सुकलेली पानं होती, मुंग्यांनी काढलेली माती होती. चपलांवर धूळ नव्हती. आत्ताच काढून ठेवल्यासारख्या.

इसाकने ते पाहिलं आणि तो पायरीच्या खालीच थांबला. "भाभी, आपण जाऊ... काळूला घेऊन येऊ."

"तू थांब इथं. तोंड बंद ठेव."

आत अंधार होता, पण दिवसाचा अंधार, पोत्याच्या आतल्यासारखा. मोटरसायकल मधोमध उभी. टाकीवरचं नाव झिजून गेलेलं, दिव्याच्या काचेत कोळ्याचं जाळं. भिंतीशी एक पाट होता. पाटासमोर जमिनीवर रीळ. वास इथे दाट होता, इतका की जिभेवर चव आली.

कोणी नव्हतं.

तिने वर पाहिलं, गाडीमागे पाहिलं, पाट उचलून खालीसुद्धा पाहिलं. रागच आला तिला. एवढं येऊन कोणी नाही. ती पाटावर बसली आणि डबा पुढ्यात ठेवला. आणि बसल्या बसल्या तिला तो आवाज आला. इतका बारीक, की कानात आहे की बाहेर, कळेना. कागदावरून तार सरकताना होतो तसा. खस्... खस्...

मिस्त्री लोक बंद यंत्राच्या आतला आवाज ऐकायला स्क्रू ड्रायव्हर वापरतात. पातं डब्याला टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आतलं बेअरिंग रडतं की हसतं ते नीट कळतं. चतुराबाईच्या कमरेला स्क्रू ड्रायव्हर खोचलेलाच होता. तिने पातं डब्यावर टेकवलं आणि मुठीला कान लावला.

"...तेहेतीस... चौतीस... पस्तीस..."

आवाज त्याचा होता. दबका, एका सुरातला, आकड्याच्या शेवटी किंचित ओढणारा. दूरचा नव्हता. अगदी जवळचा. मुठीच्या आत तोंड असावं एवढा जवळचा.

तिला सगळं एकदम समजलं, म्हणजे कसं आणि का ते नाही, पण काय करायचं ते समजलं. तो मोजतोय. शेवटची खाच भरतोय. मोजणी संपल्याशिवाय तो मान वर करत नाही, कधीच करत नव्हता. संपली की हात झटकून म्हणायचा, झालं गं, आण भाकरी. म्हणजे आपण फक्त गप्प बसायचं. आयुष्यभर जे केलं तेच करायचं. थोडेच वेढे उरलेत.

"...छत्तीस... सदतीस..."

बाहेर इसाक खोकला. तिने डोळे वटारून दाराकडे पाहिलं. तो तोंडावर हात धरून उभा होता.

"...अड... तीस..."

आवाज घासला. आकडा घशात अडकला, सुटला, पुन्हा अडकला. घसा कोरडा पडला होता. किती कोरडा, याचा तिने विचार केला. तिचा हात आपोआप उजवीकडे गेला, म्हणजे समोर बसणाऱ्याच्या डाव्या हाताला, जिथे दुकानात तांब्या असतो तिथे. तांब्या नव्हता. फरशी होती. हात फरशीवर तसाच चाचपडत राहिला, आणि मग जे हाताने करायचं ते तोंडाने झालं.

"अहो," ती म्हणाली. "पाणी देऊ?"

खस् खस् थांबली.

इतकं शांत झालं, की बाहेरच्या मळ्यातलं पान पडलेलं ऐकू आलं असतं. चतुराबाईने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. स्क्रू ड्रायव्हर पडला, पण तो फरशीवर वाजला नाही. की वाजला आणि तिला ऐकू आला नाही, कोण जाणे.

मग कान न लावताही ऐकू आलं. मानेच्या डाव्या बाजूने, हळू. राग नव्हता त्यात. दुकानात सगळ्यांना सांगायचा तसंच सांगितलं.

"मोजणी मोडलीस गं... आता तार धर."

आणि पुन्हा, खालून, सुरुवातीपासून.

"लाभ... दोन... तीन..."

तिला इसाकने बाहेर आणलं. तिला चालता येत होतं, बोलता येत होतं, तिला काही झालं नव्हतं. तिनेच इसाकला डबा उघडायला लावला, तिथेच, फाटकात, उजेडात. इसाकने झाकण उचललं आणि अल्ला म्हणून मागे सरकला. सकाळी तिच्या टेबलावर भरलेलं आर्मेचर त्याने स्वतः पाहिलं होतं, गाठीसकट. आता आतला गाभा नुसता होता. खाचांत नवा कोरा कागद घातलेला, आणि पहिल्या खाचेत तारेचे थोडे वेढे. बाकी सगळं उपसलेलं.

चतुराबाईने तो डबा कुणाला परत दिला नाही. मालनबाईंनीही मागितला नाही. पुतण्याला सांगितलं की हा भाग मिळत नाही, लाथ मारून चालव.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी काळू पीठ घेऊन आला. तिने ते पीठ घरातल्या पिठाच्या डब्यात ओतून ठेवलं आणि त्याला जेवायला वाढलं.

"पुतळाबितळा काही नाही," ती म्हणाली. "तुझा भाऊ कामावर आहे."

काळूने तिच्याकडे पाहिलं. तिचा उजवा हात ताटाजवळ होता. अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमटीवर तांबडी रेघ होती, ताजी, ओली. काळूने ती रेघ स्वतः दोनदा मिरवली होती. तो अर्ध्या भाकरीवरून उठला.

रेघ रोज सकाळी ताजी व्हायची. चतुराबाईला तिचं दुखणं वाटत नव्हतं. कपाळावर कुंकू लावताना त्याच चिमटीने लावायची. डबा दुकानात फळीवर ठेवला होता. शेजारी, डाव्या हाताला, पाण्याचा तांब्या. संध्याकाळी भरलेला तांब्या सकाळी पुरा नसायचा. बडबडी चतुराबाई दुकानात मुकी झाली. गिऱ्हाइकांशी खुणेने बोलायची. भजीवाल्याला तिने पोरांना ओरडू दिलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत आली. अधूनमधून ती डबा उघडून बघायची. एक खाच भरली, मग तीन, मग निम्मं आर्मेचर. उलट्या बाजूच्या गाठी पडत गेल्या. होळीच्या सुमाराला शेवटची खाच उरली. त्या दिवशी तिने भाकरी दोघांची टाकली.

दुकानात ती डबा पुढ्यात घेऊन बसली होती. तेवढ्यात इसाक आला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो गंगापूर रोडनंतर या विषयावर बोलायचाच नाही. त्याच्या हातात कुणाच्या तरी गाडीचं कार्बोरेटर होतं. दारातून त्याने नेहमीसारखी मोकळी हाक मारली.

"भाभी, झिपरूवाला तो बारीक पाना आहे का?"

चतुराबाईने मान वर केली नाही. फळीवरचा तांब्या आपोआप थरथरला आणि थांबला.

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा तिची चिमटी कोरडी होती. रेघ नव्हती. कातडी गुळगुळीत, जणू तिथे कधी काही नव्हतंच. तिने हात उलटसुलट करून पाहिला, मग घाईने जाऊन डबा उघडला. खाचांत नवा कागद होता. आणि कोरं लोखंड.

थोड्या वेळाने इसाक आला. तो दारातच उभा राहिला, आत येईना. तारेला जन्मात बोट न लावलेला माणूस. उजवा हात त्याने खिशात खोल घातला होता.

त्याच्या अंगाला वार्निशचा वास येत होता.